बोलतं करण्याची घाई

‘ही माणसं बोलतच नाहीत हो, मग मदत तरी कशी करायची?’ डहाणूच्या एका शिबिरानंतर एक तरुण समुपदेशक मला म्हणाली. बोलण्यात कळकळ होती, म्हणून तिथं वाद घातला नाही. वाक्य मात्र डोक्यात घोळत राहिलं. न बोलणं हा समोरच्याचा दोष, असं आपण केव्हापासून धरून चाललो?

याच तालुक्यातलं गंजाड हे जिव्या सोमा मशे यांचं गाव. वारली चित्रांची ओळख करून द्यायला नको; ती आता चहाच्या कपांवरही आली आहेत. मला महत्त्वाची वाटते ती मशे यांच्या लहानपणची हकिगत. आई गेली, त्या धक्क्यानं पोराचं बोलणं थांबलं आणि पुढं काही वर्षं ते धुळीत रेघा ओढून मनातलं सांगत असे, असं त्यांच्याविषयी सांगतात. भिंतीवर चौक लिहिणं, म्हणजे ही चित्रं काढणं, हे तेव्हा सवासिणींचं काम, तेही लग्नापुरतं. हा गडी एरवीही काढत राहिला. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले. दुःखातून कलावंत घडतो असला गोड निष्कर्ष मला काढायचा नाही. गप्प झालेलं प्रत्येक पोर काही पुढं कलावंत होत नाही. पण धुळीतल्या त्या रेघा कुणीतरी वाचत असणार, एवढं नक्की.

असं न बोललेलं वाचताना माझा एक जुना हट्ट आहे: आजार वेगळा, गाऱ्हाणं वेगळं. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या आसपास लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपले. त्या माणसाला झोप लागत नाही, याला तुम्ही काय नाव देणार? तडा भिंतीला गेलेला असताना ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणणं मला क्रूर वाटतं. वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेल्या बाईची छाती धडधडते, तेव्हा उचलीचा हिशेब आधी मागावा, गोळी नंतर. अर्थात खरा आजार पाड्यावरही असतोच, आणि त्याला गाऱ्हाणं समजून सोडून देणं हाही अन्यायच.

त्या समुपदेशक बाईंचं दुसरं म्हणणं असं, की भगतानं सगळी वाट लावली आहे. इथं मी भगताच्या बाजूनं बोलत आलो. तो पाड्यावर राहतो, बोली त्याची तीच. दुखण्याचं कारण शोधायला तो तांदळाचे दाणे पाहतो, तेव्हा अख्खं घर भोवती बसतं. दुखणं एकट्याचं राहत नाही. आपण मात्र माणसाला घरच्यांतून उठवून बंद खोलीत खुर्चीवर बसवतो आणि प्रमाण मराठीत विचारतो, ‘तुम्हाला काय वाटतं?’ तेव्हा समुपदेशकानं ओट्यावर बसावं, घरच्यांसमक्ष बोलावं, असं मी बरीच वर्षं सांगत होतो.

हे लिहिता लिहिता मात्र माझाच युक्तिवाद अडखळतो. त्याच अंगणात, त्याच दाण्यांवरून, कुणा बाईला भुताळी ठरवलं जातं. बहुधा ती एकटी असते, विधवा असते, कधी तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं हा गुन्हा आहे, पण कायदा पाड्यावर पोचेपर्यंत तिचं पाणी तुटलेलं असतं. तिच्यासाठी भोवती बसलेलं कुटुंब हा आधार नव्हे, ते पंच आहेत. तिला ओट्यावर, सगळ्यांसमक्ष बोलतं करणं म्हणजे तिला पुन्हा त्यांच्यापुढं उभं करणं. नवऱ्याच्या मारानं गप्प झालेल्या सुनेचंही तेच, आश्रमशाळेतून पळून आलेल्या मुलीचंही तेच.

म्हणजे ज्या बंद खोलीला मी शहरी थेर म्हणत होतो, तिचा अधिकार सगळ्यांत जास्त यांचाच. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिला आहे. अपवाद आहेत, पण पाड्यावर राहणं हा त्यांतला एक नाही. घरच्यांना केव्हा बोलवायचं, हे त्या बाईनं ठरवावं, भगतानंही नाही आणि समुपदेशकानंही नाही. खोलीत बसून ती गप्पच राहिली, तर राहू द्यावं.

तेव्हा आरोग्य खात्याकडं मागणं साधं आहे: उपकेंद्रात आतून कडी लागेल अशी एक खोली द्या, आणि तिथं बसणाऱ्याची नेमणूक करताना वारली बोली येते का, हे आधी विचारा.