वानवळा आणि शिदोरी

आजीकडे निघालेली मुलगी, वाटेतलं जंगल आणि जंगलातला लांडगा. 'लाल टोपीवाली'ची गोष्ट या तीन खांबांवर उभी आहे आणि ते फारसं कुणी हलवलेले नाहीत. बदलत राहिलं ते तिच्या हातातलं सामान. कुणी त्यात लोणी ठेवलं, कुणी वाइन, कुणी पिस्तूल. आजकालच्या लेखकांनी मूळ गोष्ट बिघडवली, अशी तक्रार कानावर आली की विचारावंसं वाटतं : मूळ म्हणजे नेमकी कुणाची?

छापलेली पहिली गोष्ट 1697 सालची. शार्ल पेरो हा चौदाव्या लुईच्या राजवटीतला फ्रेंच अकादमीचा सभासद. त्याच्या गोष्टीत आई मुलीबरोबर गोड पोळी आणि लोण्याचं बुडकुलं पाठवते. लांडगा आजीला खातो, मग मुलीला खातो आणि गोष्ट तिथंच संपते. सुटका नाही, शिकारी नाही. शेवटी कवितेत तात्पर्य येतं : तरुण मुलींनी परक्यांच्या नादी लागू नये, कारण गोडबोले लांडगेच सगळ्यांत घातक. म्हणजे ही गोष्ट सांगताना पेरोचं लक्ष दिवाणखान्यांतल्या उपवर मुलींवर जास्त होतं.

1812 मध्ये ग्रिम बंधूंनी ती जर्मन करून घेतली. हासेनप्फ्लुग घराण्यातल्या बहिणींनी ती त्यांना सांगितली. त्या घराला फ्रेंच वारसा होता, त्यामुळे पेरोची गोष्टच सीमा ओलांडून आली, असं समजतात. इथं लोण्याच्या जागी वाइनची बाटली आली आणि शिकारीही आला. तो लांडग्याचं पोट फाडून आजी-नातीला बाहेर काढतो, आणि आईनं मना केल्यावर पुन्हा कधी वाट सोडायची नाही, असं मुलगी मनाशी ठरवते. पेरोनं मुलीला मारलं होतं. ग्रिमनी तिला वाचवून आज्ञाधारक केलं. आपण लहानपणी ऐकलेली 'मूळ' गोष्ट बहुधा हीच. गंमत म्हणजे ग्रिमनी तिला एक शेपूट जोडलं होतं : दुसरा लांडगा येतो, तेव्हा आजी आणि नात दार लावून घेतात आणि सॉसेज उकडलेल्या पाण्यानं भरलेल्या दगडी कुंडात त्याला बुडवतात. शिकाऱ्याची गरज पडत नाही. चित्रांच्या पुस्तकांनी हे शेपूट सहसा छाटूनच टाकलं.

पेरोच्याही मागं जायचं तर खेड्यात जावं लागतं. फ्रान्सच्या निएव्र भागात 1885च्या सुमारास आशिल मिलियाँ यानं एक कथा टिपून घेतली. नोंद उशिराची असली, तरी तिचा गाभा पेरोहून जुना असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. या मुलीला लाल टोपी नाही. हातात गरम पाव आणि दुधाची बाटली. कथा आजच्या पालकांना झीट आणील इतकी रांगडी आहे. पण शेवटी लांडग्याच्या अंथरुणात सापडलेली ही पोर काय करते? परसाकडला लागली म्हणते. लांडगा तिच्या पायाला लोकरीचा धागा बांधून तिला बाहेर सोडतो. ती धाग्याचं टोक अंगणातल्या झाडाला बांधते आणि घर गाठते. तिला कुणी वाचवत नाही आणि शेवटी कुणी उपदेशही करत नाही.

हे कळल्यावर विसाव्या शतकातल्या लेखकांकडं वेगळ्या नजरेनं पाहता येतं. जेम्स थर्बरच्या 1939च्या गोष्टीत मुलगी टोपलीतून पिस्तूल काढते आणि लांडग्याला गोळी घालते. कॅथरीन स्टॉरच्या 1955च्या पॉलीनं फक्त डोकं वापरलं. तिचा लांडगा पुस्तकातली गोष्ट पाठ करून जंगलात दबा धरून बसतो आणि पॉली बसमधून आजीकडे निघून जाते. 1982 मध्ये रोआल्ड डालच्या मुलीनं लांडग्याच्या कातड्याचा कोटच शिवून घेतला. एड यंगनं 1989 मध्ये एक जुनी चिनी कथा चितारली. तीत तीन बहिणी झाडावरच्या फळांचं आमिष दाखवून लांडग्यालाच टोपलीत बसवतात, वर ओढतात आणि दोर सोडून देतात. या साऱ्यांना आपण 'आधुनिक' म्हणतो. खरं तर त्या निएव्रच्या पोरीच्या बहिणी आहेत. उसना माल होता तो आज्ञाधारकपणा. अकलेचा वारसा घरचाच.

तरी मोठ्या माणसांचं लक्ष सामानावरच. 1990च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या काही शाळांनी ट्रिना शार्ट हायमन यांचं चित्रमय पुस्तक बाजूला ठेवलं, कारण टोपलीत वाइनची बाटली दिसत होती. लांडगा सगळी आजी गिळतो, त्याला हरकत नव्हती.

आपल्याकडच्या भोपळ्यातल्या म्हातारीच्या हातात तर काहीच नसतं. लेकीकडं निघालेली ती हडकुळी बाई वाघाला सांगते, आत्ता खाऊन काय मिळेल, धष्टपुष्ट होऊन परत येते. आजी आणि नात दोघींचं काम ती एकटी करते. तिच्यापाशी फक्त जीभ आहे, आणि ती पुरते.

गावाकडं दुसऱ्यासाठी पाठवतात तो वानवळा आणि वाटेत आपल्याला लागते ती शिदोरी. तीनशे वर्षं आपण आजीच्या वानवळ्याची चौकशी करत आलो. पोरीच्या शिदोरीत काय बांधलं, हे विचारायचं राहूनच गेलं. हल्ली काही पुस्तकांत लांडगा गवत खातो, सॉरी म्हणतो आणि आजीबरोबर चहा पितो. हेतू चांगला आहे. पण लांडगाच नसेल, तर धागा झाडाला बांधायचं सुचायला कारणच उरत नाही. गोष्ट खुशाल बदलावी, ती कायम बदलतच आली आहे. फक्त त्या बदलात पोरीची शिदोरी काढून घेऊ नये.