पसंतीक्रम तूच लिही

देवपूर, धुळे

चि. बाळी,

तुझे नीट परीक्षेचे मार्क सांगून तुझ्या बाबांनी लगेच विचारलं, "आप्पा, एवढ्यात लागेल का नंबर?" मी काय सांगणार! ७२० पैकी किती पडले ते नीट सांगते, नंबर कुठे लागेल ते राज्याची गुणवत्ता यादी. गेल्या सालचा कटऑफ म्हणजे गेल्या सालचा केळीचा भाव. रावेरच्या पोरीला याहून काय समजावू?

सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा दिल्लीची एमसीसी भरते, ८५ टक्के आपला सीईटी सेल. नोंदणी दोन्हीकडे वेगळी करायची. पूर्वी ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता, तो २०२० मध्ये गेला. आता लातूरचा पोरगा आणि तू एकाच यादीत.

खरी चूक होते ती पसंतीक्रमात. कॅफेवाला म्हणतो, "ताई, जिथे मिळेल तेच वर टाका." ऐकू नकोस. संगणक तुझी यादी वरून खाली वाचतो आणि तुझ्या क्रमांकाला जी पहिली जागा मोकळी सापडेल ती देतो. आवाक्याबाहेरचं कॉलेज वर टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. उलट खालचं वर टाकलंस, तर ते मिळेल आणि वरचं मिळत असूनही हुकेल. म्हणून मनात जो क्रम आहे तोच कागदावर हवा. जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत नको. आणखी एक: पुढच्या फेरीत वरची जागा लागली की आधीची आपोआप सुटते. "ती बरी होती" म्हणून मागे फिरता येत नाही.

आता कागद. माझ्या एका विद्यार्थ्याने जातपडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालानंतर केला. मार्क होते, ओबीसीतून जागाही बसत होती, पण व्हॅलिडिटी हातात नव्हती. खुल्या यादीत गेला आणि वर्ष गेलं. तुझी व्हॅलिडिटी आली आहे, पण नॉन-क्रिमीलेअर दाखल्यावरची ३१ मार्चची तारीख बघ, जुना चालणार नाही. आणि बाबांना सांग, २०२४ पासून ओबीसी मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर सीईटी सेलच्या कॅप फेरीतून मिळालेल्या खासगी जागेचंही शिक्षण शुल्क माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला मात्र नाही. "सीट करून देतो" म्हणणाऱ्याचा फोन आला तर सरळ ठेवून द्यायचा.

मुंबईचं नाव सगळ्यांनाच हवं असतं, तूही वर लिही. पण धुळ्याचं भाऊसाहेब हिरे आणि २०१८ साली सुरू झालेलं जळगावचं शासकीय कॉलेज केवळ गावाजवळ म्हणून खाली ढकलू नकोस. हिरे कॉलेजच्या चक्करबर्डीतल्या ओपीडीत साक्री-शिरपूरकडची म्हातारी "मना पोटमा दुखस" म्हणते, तेव्हा पुण्याच्या पोराला दुभाष्या लागतो. तुला नाही लागणार. माझा हा पक्षपात आहे, तेवढा वजा करून वाच.

रविवारी ये, यादी बसून लावू. एसटीने येशील तर झेरॉक्सच आण. ओरिजिनल फाईल कपाटात राहू दे.

तुझे,
आप्पा