चित्रात न काढलेल्या रेषा

२०१३च्या डिसेंबरात जगभरच्या वर्तमानपत्रांत दोन मेंदू शेजारी शेजारी छापून आले. एकात निळ्या रेषा पुढून मागे धावत होत्या, दुसऱ्यात केशरी रेषा डावीकडून उजवीकडे. निळा मेंदू पुरुषांचा, केशरी बायकांचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रागिणी वर्मा यांच्या गटाने ८ ते २२ वर्षे वयाच्या ९४९ जणांचे मेंदू तपासून हे नकाशे तयार केले होते. शोधनिबंधावर पहिलं नाव मधुरा इंगळहळीकर यांचं; त्या पुढे पुण्यात सिम्बायोसिसमध्ये मेंदूच्या प्रतिमांवर काम करू लागल्या.

निष्कर्ष असा, की पुरुषांत सरासरीने एकाच गोलार्धाच्या आतल्या जोडण्या अधिक भक्कम, तर स्त्रियांत दोन गोलार्धांमधल्या. डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूत (सेरेबेलममध्ये) मात्र नेमकं उलट. एवढ्यावरून बातम्यांनी पुरुषांना नकाशा वाचता येतो आणि बायकांना एका वेळी चार कामं जमतात, असं ठरवूनही टाकलं.

त्या चित्रात काय नव्हतं, हे बातम्यांनी विचारलं नाही. दोन्ही गटांत ज्यांच्यात फरक आढळला, तेवढ्याच जोडण्या तिथे काढल्या होत्या. सारख्या निघालेल्या रेषा चित्रात आल्याच नाहीत. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटलं, हे दोन वेगळ्या जातींचे प्राणी आहेत. शिवाय हे नकाशे ज्या तंत्राने काढले, ते डिफ्युजन एमआरआय मज्जातंतू थेट बघत नाही. पाण्याचे रेणू कोणत्या दिशेने सहज सरकतात हे ते मोजतं, आणि तंतूंची वाट त्यावरून गणिताने काढली जाते.

मग आकाराचा प्रश्न आला. पुरुषांचा मेंदू सरासरीने दहाएक टक्के मोठा असतो. मेंदू मोठा झाला की एका गोलार्धातून दुसऱ्यात जाणारे लांब तंतू महाग पडतात: त्यांना जागा जास्त लागते आणि संदेश पोहोचायला वेळही जास्त. झुरिकच्या संशोधकांनी २०१४ मध्ये १३८ जणांत हे ताडून पाहिलं. मोठ्या मेंदूत, मग तो बाईचा असो वा पुरुषाचा, गोलार्धाच्या आतल्या जोडण्यांचं प्रमाण अधिक दिसलं. लिंगाच्या खात्यावर टाकलेल्या फरकाचा मोठा भाग आकाराचा होता.

हा धडा तसा जुनाच. १९८२ मध्ये ‘सायन्स’ने अवघ्या चौदा मेंदूंवरचा एक लेख छापला. दोन गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कलोसमचा मागचा भाग बायकांत मोठा असतो, असा त्याचा दावा होता. तो पंधरा वर्षं पाठ्यपुस्तकांत मिरवला. १९९७ मध्ये एकोणपन्नास अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तो टिकला नाही.

म्हणून फरक नाहीच, असं म्हणणंही घाईचं. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या विनोद मेनन यांच्या गटाने २० ते ३५ वर्षांच्या सुमारे पंधराशे निरोगी तरुणांचे स्कॅन संगणकाला दिले. मेंदूच्या क्रियाशीलतेवरून त्याने दहापैकी नऊ वेळा स्त्री-पुरुष बरोबर ओळखले. उलट तेल अवीवच्या दाफना जोएल यांनी २०१५ मध्ये चौदाशेहून अधिक मेंदू पाहून दाखवलं होतं, की सगळी वैशिष्ट्यं एकाच टोकाला झुकलेला मेंदू विरळाच; बहुतेकांत दोन्हीकडचं मिसळलेलं असतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. शेकडो बारीक खुणा एकत्र केल्या की संगणकाला ओळख पटते, पण त्यातली एकही खूण समोरच्या मुलीला गणित जमेल की नाही हे सांगत नाही. आणि तिशीच्या मेंदूत घर, शाळा, खेळ, नोकरी सगळं मुरलेलं असतं. जन्मजात काय आणि नंतरचं काय, हे एका स्कॅनमधून वेगळं काढता येत नाही.

तरी हे संशोधन व्हायलाच हवं. नैराश्य बायकांत जवळपास दुप्पट दिसतं, स्वमग्नतेचं निदान मुलग्यांत कितीतरी अधिक होतं, आणि मेंदूविज्ञानातले प्राण्यांवरचे प्रयोग अनेक दशकं मुख्यतः नरांवरच झाले. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेने २०१६ पासून निधी मागणाऱ्या संशोधकांना दोन्ही लिंगांचा विचार करणं बंधनकारक केलं. त्याआधीच्या दुर्लक्षाची किंमत रुग्ण बायकांनी मोजली आहे. हे नकाशे त्यांच्या उपचारांसाठी वापरायला हवेत, मुलीने कोणती शाखा घ्यावी हे ठरवायला नव्हे.