उत्तर जुळलं, म्हणजे कळलं का?

भौतिकशास्त्राचं गणित अडलं की तयार उत्तर शोधून वहीत उतरवायचं, ही विद्यापीठातल्या कित्येक विद्यार्थ्यांची रीत. ती प्रामाणिक आहे का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. त्याआधीचा प्रश्न ज्ञानाचा आहे: दुसऱ्याचं बरोबर उत्तर हाती आल्याने आपल्याला काही कळलं का? न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, याला उपयोगी पडणारा एक सूक्ष्म विचार आहे. धूर दिसला तर अग्नी असणार, हे अनुमान टिकतं. अग्नी आहे म्हणून धूर असणार, हे टिकत नाही; लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं, आणि ही दडलेली अट म्हणजे नैयायिकांची ‘उपाधी’. गणिताचा सगळा कस ही अट हेरण्यात आहे. भरीव गोळा उतारावरून न घसरता घरंगळत १.४ मीटर उंची उतरून खाली आला, तर त्याचा वेग किती? गुरुत्वत्वरण १० धरून पाठ असलेलं v = √(2gh) हे सूत्र लावलं, तर सेकंदाला सुमारे ५.३ मीटर येतो. खरा वेग सुमारे ४.५ आहे, कारण गतिज ऊर्जेचा २/७ भाग गोळ्याच्या स्वतःभोवती फिरण्यात असतो. सूत्र खोटं नव्हतं; वस्तू फिरत नसेल तरच ते लागू पडतं, एवढं पाहायचं राहिलं. संशोधक ची, फेल्टोविच आणि ग्लेसर यांच्या १९८१च्या अभ्यासात नवशिक्यांनी गणितांची वर्गवारी उतार, स्प्रिंग अशा दिसणाऱ्या वस्तूंवरून केली, तर जाणकारांनी त्यांमागच्या तत्त्वांवरून. अट दिसायची ती तत्त्वाकडे पाहिल्यावरच.

यावर कुणी म्हणेल, सगळं विज्ञानच विश्वासावर चालतं. प्रकाशाचा वेग कोण स्वतः मोजतो? खरं आहे, आणि नैयायिकही आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह जाणकाराचा, शब्द प्रमाण मानतात. पण स्थिरांकाची किंमत दुसऱ्याकडून घेता येते, तसा ‘हा नियम इथे लागू पडतो’ हा निवाडा घेता येत नाही. तो घेतला, तर पुढच्या गणितात अट बदलताच हात रिकामे. छापलेली रीत हे परार्थानुमान आहे, दुसऱ्याला पटवण्यासाठी मांडलेलं. ते मांडणाऱ्याला आधी स्वतःशी अनुमान करावं लागलं होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सोडवलेली उदाहरणं वाचूनच तर नवशिका शिकतो. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५मध्ये बीजगणिताबाबत हे दाखवलं, आणि ते मला मान्य आहे. मात्र १९८९मध्ये ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत असं आढळलं, की उदाहरण वाचताना प्रत्येक पायरीचं कारण स्वतःला समजावणारेच पुढची गणितं अधिक चांगली सोडवत होते. म्हणून रीत जरूर वाचावी, पण नंतर पुस्तक मिटून अट बदलून पाहावी. गोळा पोकळ असता तर? घर्षणच नसतं तर तो फिरला असता का? पोकळ गोळ्याचा वेग आणखी कमी का भरतो, हे आकडेमोडीआधी सांगता येणाऱ्या विद्यार्थ्याने ती रीत कुठून वाचली, याने मग काही बिघडत नाही.