वेषाचे उसनेपण : स्वतंत्र वेषनिर्मितीचा एक नैतिक प्रश्न

वेष हा विषय मराठी समीक्षेने फारसा गंभीरपणे घेतलेला नाही. नाट्यप्रयोगाच्या परीक्षणात 'वेषभूषा अनुरूप होती' एवढे एक वाक्य शेवटी येते आणि प्रश्न तेथेच मिटतो. वस्तुतः भरताने अभिनयाचे जे चार प्रकार मानले त्यांत आहार्याला आंगिक, वाचिक आणि सात्त्विक यांच्या बरोबरीचे स्थान आहे. 'आहार्य' या संज्ञेची व्युत्पत्ती येथे उपयोगी पडावी. आहार्य म्हणजे आणावयाचे, बाहेरून आणून अंगावर चढवावयाचे. सात्त्विक आतून उमटते. आहार्य कोठून तरी आणले जाते. म्हणजे वेषाच्या बाबतीत उसनेपण हा दोष नसून ती त्याची मूळ प्रकृतीच आहे, असे या संज्ञेतच गृहीत आहे. मग 'स्वतंत्र वेष' या शब्दप्रयोगाला काय अर्थ उरतो? जे आणलेलेच असते ते कोणत्या अर्थाने आपले असते? आणि ते कोणाकडून आणले, या प्रश्नाचे उत्तर देण्यास आपण बांधील असतो काय?

हा प्रश्न मला पडला तो नाट्यशास्त्राच्या वाचनातून नव्हे, तर कॉस्प्ले नावाच्या एका नव्या छंदामुळे. चित्रकथा, चित्रपट वा संगणकीय खेळ यांतील पात्राचा वेष स्वतः तयार करून तो मेळाव्यात मिरविणे, असे त्याचे ढोबळ स्वरूप. हा शब्द १९८०च्या दशकात जपानमध्ये नोबुयुकी ताकाहाशी यांनी रूढ केला; परंतु प्रथा त्याहून जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनास फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकालीन पोशाख घालून आले होते. दोन्ही पोशाख डग्लसबाईंनी शिवले होते आणि नाव मात्र दीर्घकाळ अॅकरमन यांचेच घेतले गेले, ही गोष्ट जाता जाता नोंदवून ठेवतो. ती पुढे उपयोगी पडेल. मुंबईत अशा मेळाव्यांची सुरुवात २०११ साली झाली आणि आज मराठी मुलेमुलीही त्यांत हौसेने उतरतात. यांतील बहुतेकजण प्रसिद्ध पात्राची अनुकृती करतात. काहीजण मात्र कोणत्याही संहितेत नसलेले, स्वतःच कल्पिलेले पात्र उभे करू पाहतात. प्रेरणा कोठून आणावयाची, हा प्रश्न खऱ्या अर्थाने या दुसऱ्या गटाचा आहे.

अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर येथील, पुण्यात अभिकल्पाचे शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी सुटीत माझ्याकडे आली ती असाच एक आराखडा घेऊन. पात्र तिचे स्वतःचे होते : दुष्काळाने उजाड झालेल्या भावी काळातील एक योद्धा स्त्री. कमरेभोवती रंगीबेरंगी चिंध्यांचा घेर, पायांत चाळ, कपाळभर हळदकुंकू, मोकळे सोडलेले लांब केस आणि हातात पिळदार कोरडा. चित्र देखणे होते. हा वेष कोठून घेतला हे विचारण्याची गरज नव्हती. मराठवाड्यात ज्याचे बालपण गेले आहे त्याला मरीआईचा पोतराज ओळखू येतोच. तिने स्वतः पोतराज पाहिला होता तो छायाचित्रात. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या शतकातील एका कवीने जाडाभरड्या वस्त्रालाच ग्रंथ केले, वस्त्र आणि संहिता यांचे असे ऐक्य अन्यत्र क्वचितच आढळेल. ती तिने पाहिली होती आणि 'दिसायला साधी' म्हणून बाजूला ठेवली होती. तिची ही निवड मला फार बोलकी वाटली.

तिचे समर्थन तयार होते आणि ते अगदीच कच्चे नव्हते. जपानी आणि अमेरिकी पात्रांची नक्कल करीत बसण्यापेक्षा आपल्या मातीतून प्रेरणा घेणे अधिक अस्सल नाही काय, असे तिने विचारले. नेमाडे यांनी मांडलेल्या देशीयतेच्या विचाराचे हे एक सुलभ रूप होय. परंतु 'आपली माती' या शब्दांत एक मोठा घोटाळा दडलेला असतो. देशी परंपरा ही एकजिनसी ठेव नसते. तिच्यात कोणी नेसविणारे असतात, कोणी नेसणारे असतात आणि कोणावर ते नेसणे लादलेले असते. रोलां बार्थ यांनी फॅशनव्यवस्थेवरील आपल्या १९६७च्या ग्रंथात प्रत्यक्ष वस्त्राऐवजी नियतकालिकांतून वर्णिलेल्या वस्त्राचा विचार केला; वस्त्र चिन्ह झाले की त्याचा अंगाशी असलेला संबंध सुटतो, हे त्यातून ध्यानात येते. छायाचित्रातील पोतराजाचे तेच झाले होते. रंग आला, आकार आला. कोरड्याचा फटका ज्या पाठीवर बसतो ती पाठ मात्र आली नाही.

येथे कोणी बहुरूप्याचा दाखला देईल आणि तो विचारात घ्यावाच लागेल. बहुरूपी कोणाचाही वेष घेतो. तो शंकर होतो, राजा होतो आणि पोलीस होऊन दारात उभा राहतो, कसलेतरी बनावट फर्मान काढून घरधन्याला दमात घेतो, नसलेल्या लग्नाचे आमंत्रण देतो. त्याने हे वेष कोणास विचारून घेतले? कोणासही नाही. तरीही त्याच्या सोंगाने कोणाचे काही हिरावून घेतल्याची भावना आपल्या मनात उद्भवत नाही. याचे एक कारण असे की ज्याच्यापाशी सत्ता नाही असा माणूस येथे सत्तावानाचा वेष चढवीत असतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. बहुरूप्याचे सोंग शेवटी उघडे पडण्यासाठीच असते. दमदाटी संपते, तो हसतो आणि हात पुढे करतो. 'सोंग' या शब्दाला मराठीत लबाडीची छटा आहे खरी. पण बहुरूप्याचे सोंग हा सोंग घेणारा आणि पाहणारा यांच्यातील एक करार असतो आणि तो पाळला जाण्यासाठी पाहणाऱ्याला वेष वाचता यावा लागतो. ही साक्षरता गावांतून किती झपाट्याने नाहीशी होत आहे हे राईनपाड्याने दाखवून दिले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील या गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. पिढ्यान्पिढ्या दारोदार फिरणारा माणूस तेथे कोणाला ओळखू आला नाही.

बहुरूप्याच्या उलट दिशेचे उदाहरण एकनाथांचे. पैठणच्या या ब्राह्मण कवीने भारुडांतून गोंधळी, जोशी यांच्याप्रमाणेच महाराचेही सोंग घेतले, त्याच्या जोहाराची भाषा स्वतःच्या मुखी घेतली. ही करुणा की उसनवारी, असा प्रश्न आजचा वाचक करू शकतो आणि त्याचे एकेरी उत्तर देता येईल असे मला वाटत नाही. एवढे मात्र म्हणता येईल की एकनाथांनी त्या वेषाबरोबर त्याचा आवाजही घेतला. तो महार बोलतो, समोरच्याला सुनावतो. आराखड्यातील योद्धा स्त्रीला आवाज नव्हता, नुसती ऐट होती.

आता मूळ मुद्दा. कॉस्प्लेचा वेष संध्याकाळी उतरवून पेटीत ठेवावयाचा असतो. तो उतरविता येतो, यातच त्याचा सगळा आनंद आहे. पोतराजाचा वेष हा असा नव्हता. नवसाने मरीआईला सोडलेला, बहुतांशी मांग वा महार जातीतला मुलगा वाढलेल्या केसांसकट त्या वेषात वाढे, आणि केस कापणे म्हणजे देवीचा कोप ओढवून घेणे अशी धास्ती त्याच्या घराला असे. पार्थ पोळके यांच्या आत्मकथनाचे शीर्षकच 'आभरान' असे आहे. 'आभरण' या संस्कृत शब्दाचे हे बोलीतील रूप. अलंकार हा त्याचा कोशगत अर्थ आणि त्या आत्मकथनातील जगणे यांच्यातील अंतर ज्याला जाणवले त्याला या विवेचनाची गरज उरणार नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना जातीची खूण पटविणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि जड दागिने टाकून देण्यास सांगितले. पुढे चळवळीच्या कार्यकर्त्यांनी पोतराजांच्या जटा कापल्या. मराठी समाजातील वेषविषयक सर्वांत मूलगामी निर्मिती कोणती, असे विचारले तर मी या उतरविण्याकडे बोट दाखवीन. सौंदर्यविचाराने तिची दखल घेतलेली नाही, कारण आपण निर्मिती म्हणजे काहीतरी अंगावर चढविणे असेच समजत आलो आहोत.

मग पोतराजाच्या वेषाला कोणी हातच लावू नये काय? हे उत्तर मला मान्य नाही. ज्याचा वेष त्यानेच घालावा हा नियम नीतीच्या नावाखाली जातीचाच नियम परत आणतो. शिवाय ज्यांच्या आज्या-पणज्यांनी तो वेष वागविला त्या घरांतील एखाद्या मुलीला उद्या तो रंगमंचावर आणावासा वाटला तर तिला कोणत्या तोंडाने अडवावयाचे? अडचण उसनवारीची नाही. ती उसनवारी कशी होते याची आहे : उसने घेताना काय गाळले जाते, आणि गाळले आहे हे घेणाऱ्याला ठाऊक आहे काय. भरत सांगतो की नाट्यातील शस्त्रे व अलंकार खऱ्या धातूचे, जड असू नयेत. त्या भाराने नट थकेल. म्हणून लाख, अभ्रक, बांबू यांपासून ते हलके बनवावेत. आजचा कॉस्प्ले करणारा रबरी फोमच्या पत्र्यांतून चिलखत कापतो ते याच न्यायाने. कलेला वजन काढून टाकण्याचा अधिकार आहे. परंतु काढून टाकलेल्या वजनाची जाणीव त्या हलक्या वस्तूत कोठेतरी राहावी लागते; ती राहिली नाही तर उरते ती केवळ सजावट.

हे सर्व मी त्या विद्यार्थिनीला सांगितले तेव्हा तिने ते नम्रपणे ऐकून घेतले, एवढेच. फरक पडला तो दुसऱ्या दिवशी. घाटनांदुरातच एक म्हातारी राहते. तिचा नवरा तरुणपणी पोतराज म्हणून हिंडला होता. तिला आराखडा दाखविला. तिने कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. रागावली नाही, हसलीही नाही. "माय, ही एकलीच हाय का?" तिने विचारले. "मग ढोलकं कोन वाजवायचं? अन् दाणं कशात घ्यायचं?"

पोतराजाच्या वेषाविषयी आपण वाचतो, लिहितो ते कोरडा ओढणाऱ्या पुरुषाविषयी. डोक्यावर देवीचा गाडा घेऊन ढोलके वाजविणारी आणि झोळीत दाणे गोळा करणारी त्याची बायको कोणाच्या चित्रात नसते. मुलीच्या आराखड्यात नव्हती, माझ्या विवेचनातही नव्हती. मर्टल डग्लसबाईंविषयीची नोंद मी वर मोठ्या ऐटीत केली होती, आणि त्याच लेखात येथवर पोतराजाविषयी एकवचनी पुल्लिंगात लिहीत आलो.

विद्यार्थिनीने नंतर नवा आराखडा केला. त्यात दोन आकृती आहेत. कोरडा पुढच्या आकृतीच्या हातात नाही, तो खुंटीला टांगलेला आहे. मागच्या आकृतीच्या डोक्यावर गाडा आहे आणि खांद्याला झोळी. ढोलके दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवले आहे. मेळाव्याच्या अर्जात एकाच व्यक्तीसाठी जागा असते आणि दोन्ही वेष एकटीने कसे घालावयाचे हे तिला अजून सुचलेले नाही. तिने म्हातारीला पुन्हा विचारले आहे, गाडा डोक्यावर ठेवताना खाली कसली चुंबळ असे, आणि तिचा रंग कोणता.