चाल आणि चिंतन

कीर्तनाची सेवा थांबवून मला चार वर्षे झाली. घसा बसला तो पुन्हा उठला नाही. चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो आणि एक गोष्ट गावोगाव ठासून सांगत आलो, की अर्थ कळल्यावाचून केलेले गायन म्हणजे पोपटपंची. आज त्या वाक्याकडे पुन्हा पाहण्याची वेळ आली आहे.

आधी माझी चूक सांगतो. तरुणपणी आवाज चांगला होता आणि त्याचा अभिमानही होता. एका सप्ताहात मी तुकोबारायांचा करुणेचा अभंग त्या वेळी गाजत असलेल्या एका सिनेमातील गाण्याच्या चालीवर घेतला. टाळकऱ्यांनी तो उचलून धरला, मृदंग चढला, मंडप डोलू लागला. कीर्तन संपल्यावर गावचे म्हातारे विणेकरी पाया पडायला आले. उठता उठता हळूच म्हणाले, "महाराज, तुकोबा रडत होते. तुम्ही लोकांना नाचवलंत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. शब्द तुकोबांचेच होते, एक अक्षर मी बदलले नव्हते. तरीही अर्थ बदलला होता. चाल ही शब्दांवर घातलेली शाल आहे, ही घातली काय नि ती घातली काय, असे मी समजत होतो. ते खोटे ठरले. चाल स्वतःच काहीतरी सांगत असते. ती शब्दांच्या विरुद्ध बोलू लागली, तर लोक तिचेच ऐकतात.

मग गाणे सोडून नुसते वाचावे काय? कित्येक विद्वान तसे म्हणतात. पण आपल्या संतांनी अभंग कसा घडवला ते पाहा. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा-सहा अक्षरांचे तीन खंड येतात आणि चौथा खंड चार अक्षरांचाच असतो. तीन पावले सारखी पडतात, चौथे आखूड पडते. वाचणाऱ्याचे डोळे तिथे न थांबता पुढल्या ओळीवर जातात. गाणाऱ्याला मात्र थांबावे लागते. ती उरलेली जागा टाळ-मृदंग भरतात, आणि तेवढ्या अवकाशात ऐकलेला शब्द मनात उतरतो.

तीच गोष्ट ध्रुपदाची. छापील गाथ्यात 'ध्रु.' एवढी खूण असते. वाचणारा ती ओलांडून सरळ शेवटच्या नाममुद्रेपर्यंत पोचतो. गाताना तसे चालत नाही. प्रत्येक चरणानंतर ध्रुपदाकडे परतावे लागते. पहिल्या चरणात दृष्टांत आला, आता तो ध्रुपदासमोर उभा करा. दुसऱ्या चरणात शंका आली, तीही तिथेच आणा. ध्रुपदाचे शब्द तेच राहतात, पण दरवेळी ते नव्या चरणाला उत्तर देतात. शास्त्राने श्रवण, मनन, निदिध्यासन अशा पायऱ्या सांगितल्या. चरण हे श्रवण आणि ध्रुपदाकडे परत येणे हे मनन, असे मला वाटते. ज्यांनी कधी पाटी धरली नाही अशा माणसांना संतांनी चालीतून विचार करायला शिकवले. दिंडीत टाळ वाजवत वीस-वीस कोस चालणारा शेतकरी नुसता गात नसतो, तो एका विचाराभोवती फिरत असतो.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस माउलींनी आपल्या ओवीविषयी सांगितले आहे, की ती गायिली तर शोभतेच, आणि न गाताही रंग दाखवते. याचा अर्थ मी असा घेतो, की खऱ्या वाङ्मयात त्याचा नाद आधीपासून असतो. गायकाने बाहेरून काही चिकटवायचे नसते, आत आहे ते उघडायचे असते. मी सप्ताहात केले ते चिकटवणे होते.

इथपर्यंतचे चिंतन मी कीर्तनातही मांडत असे. पुढचे मला घरात शिकावे लागले.

माझ्या सौभाग्यवतीला तीन वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. आधी चुलीवरचे दूध विसरे, मग नातवंडांची नावे विसरली. आता मुलाला "तुम्ही कोणाकडचे?" असे विचारते. मलाही कधी ओळखते, कधी नाही. पण दिवेलागणीला मी टाळ हातात घेतले, की ती सावरून बसते आणि हरिपाठ सुरू होतो. घसा गेल्यामुळे माझा आवाज फुटत नाही, मी फक्त ताल धरतो. म्हणते ती. मधले चरण आताशा चुकतात, एका अभंगातला शब्द दुसऱ्यात जातो, कधी नुसता सूरच राहतो. ध्रुपद मात्र एकदाही चुकलेले नाही. तिथे आली की आवाज स्थिर होतो, जणू अंधारात भिंतीला हात लागावा.

एकदा मी तेच शब्द चालीवाचून म्हणायला सांगितले. तिला एकही आठवला नाही. ती घाबरून माझ्याकडे पाहत राहिली. मी मुकाट्याने पुन्हा टाळ वाजवले.

चाळीस वर्षे जिला पोपटपंची म्हटले, ती माझ्यासमोर पाटावर बसलेली आहे. तिला अर्थ कळतो का? मी रोज हाच प्रश्न घेऊन बसत असे. मग एका संध्याकाळी, हजारो वेळा कानांवरून गेलेले ते ध्रुपद मला प्रथमच ऐकू आले. माउली तिथे मुखाने नाम घ्या म्हणतात, आणि त्या पुण्याची गणना कोणाला करता येणार नाही असेही म्हणतात. मी मात्र गणनाच करत बसलो होतो. तिला किती कळते, किती नाही, याचा जमाखर्च ठेवण्याचे काम मला कोणी सांगितले होते?

अर्थाचे महत्त्व मी आजही कमी मानत नाही. तिनेही तो कळून घेतला होता. पन्नास वर्षे एकादशीचा जागर केला, भजनात मागे बसून एकेक चरण ऐकला. मन जागे होते तेव्हा तिने तो अर्थ चालीच्या स्वाधीन केला. आज मन तो सांभाळू शकत नाही, तर चाल सांभाळते आहे.

म्हणून तरुण कीर्तनकारांना एवढीच विनंती. चाल लावताना जपून लावा. आज मंडप डोलला की काम झाले असे वाटेल, मलाही वाटले होते. पण तुमच्यासमोर बसलेल्या कोणाच्या तरी आयुष्यात अशी संध्याकाळ येणार आहे, जेव्हा सगळे निसटून जाईल आणि तुम्ही लावलेली चाल तेवढी हाताशी राहील. तिच्यात तुकोबांचे रडणे असले पाहिजे, माउलींचे बोलावणे असले पाहिजे.

दिवेलागण झाली. आत ती वाट पाहत असेल, कोणाची हे तिला ठाऊक नसले तरी. टाळ घेऊन जातो.

रामकृष्णहरी.