परीक्षा पाहणारा देव

काढून ठेवलेल्या सोयाबीनची गंज परतीच्या पावसात भिजते, शेंगांना कोंब फुटतात, आणि भोकर तालुक्यातल्या अशा शेतात धीर द्यायला आलेला माणूस हमखास म्हणतो, ‘देव परीक्षा बघतोय.’ बोलण्यात माया असते, पण त्यात एक सिद्धान्तही असतो: संकट मुद्दाम धाडलेलं आहे आणि ते सोसणाऱ्याच्या भल्याचं आहे. हा सिद्धान्त तपासायचा, तर जिथे अडचण खरोखरच मुद्दाम वाढवली जाते अशी जागा पाहावी. २०१६ साली आलेला ‘सिव्हिलायझेशन ६’ हा आळीपाळीनं चाली खेळायचा संगणकीय खेळ ही तशी जागा. त्यात काठिण्याच्या ८ पातळ्या आहेत. चौथ्या, ‘प्रिन्स’ पातळीवर खेळाडू आणि संगणक बरोबरीनं सुरुवात करतात. सगळ्यात वरच्या ‘डीटी’वर खेळाडूला शहर वसवणारी एकच तुकडी मिळते, संगणकाच्या प्रत्येक राज्याला ३; शिवाय लढाईत त्यांना आयतं जादा बळ. संगणकाची बुद्धी मात्र तेवढीच राहते. म्हणजे वर चढताना प्रतिस्पर्धी हुशार होत नाही, डाव अन्यायी होतो.

तरीही खेळाडू हौसेनं चढतो आणि शिकतोही. खाली खपून गेलेला गाफीलपणा इथे खपत नाही. शेजारी चालून येण्याआधीच धनुर्धारी उभे करावे लागतात. मग अन्यायातूनही माणूस घडतो, असं परीक्षावादी म्हणेल. घडतो, पण तीन गोष्टींच्या जोरावर: पातळी त्यानं स्वतः निवडलेली असते, नियम जाणून घेता येतात, आणि हरल्यावर नवा डाव मांडता येतो. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञानं १९७८ सालच्या ‘द ग्रासहॉपर’मध्ये खेळाची व्याख्याच अशी केली, की अनावश्यक अडथळे स्वखुशीनं ओलांडू पाहणं म्हणजे खेळ. धर्मालाही ही स्वखुशी ठाऊक आहे. एकादशीची भूक आणि दुष्काळाची भूक पोटाला सारखीच. पुण्य मात्र पहिलीचंच मानलं जातं. किल्लारीच्या भूकंपात ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झोपेतच दगडी भिंतींखाली गेलेल्यांना तर एक चालसुद्धा खेळायला मिळाली नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप तुकोबांचा. सतराव्या शतकातल्या दुष्काळानं त्यांचं दिवाळं काढलं, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, आणि तरी त्यांनी त्या दुष्काळाबद्दल देवाचे आभार मानले. पण हे बोलले ते स्वतः होरपळलेले तुकोबा, आपल्यापुरतं आणि मागे वळून पाहताना. दुष्काळाला अर्थ त्यांनी दिला. दुष्काळ तो घेऊन आला नव्हता. पत्नीच्या बाजूनं पाहिलं, तर तिची कोणती पातळी वाढली? एकाला वर चढवण्यासाठी दुसरीला उपाशी मारणारा देव विठोबा म्हणून पुजता येणार नाही.

देवच नाही, असं यातून निघत नाही. संकटातून माणूस घडू शकतो हे खरं. घडवण्यासाठीच ते धाडलं होतं, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. हा भेद व्यवहारातही मोलाचा आहे. दुःखाला परीक्षा म्हटलं की शेजारी आपोआप पर्यवेक्षक होतो, आणि परीक्षेत दुसऱ्याला मदत करणं म्हणजे कॉपी. शेजाऱ्यानं धावून जावं अशी धर्माची इच्छा असेल, तर परीक्षेची भाषा आधी धर्मानंच सोडायला हवी.